गावाचे नाव आणि द्राक्षाचा रस

द्राक्षे आणि नाशिक ही दोन नावे आज इतकी एकरूप झाली आहेत, की एकाचा उच्चार होताच दुसऱ्याचे स्मरण व्हावे. माघ-फाल्गुनात पंचवटीतून दिंडोरीच्या रस्त्याने किंवा आडगावावरून ओझरच्या बाजूस कोणी गेला, तर दोहो बाजूंस द्राक्षांचे मांडव आणि माल भरून निघालेल्या गाड्या त्यास दिसतात. ही द्राक्षे मुंबईस जातात, परदेशी जातात, काहींचे बेदाणे होतात, हे आपणांस ठाऊकच आहे. परंतु गेल्या पाव शतकात या जिल्ह्यातील द्राक्षांचा एक लहानसा ओघ निराळ्या वाटेने वाहू लागला आहे. ती द्राक्षे हातगाडीवर येत नाहीत. त्यांचा रस आंबविला जातो, त्याची वाइन होते, आणि त्या बाटलीबरोबर नाशिकचे नाव देशोदेशी जाते. गावाचे नाव असे बाटलीवर चढते तेव्हा गावाने काय दिलेले असते, आणि ते नाव टिकवावयाचे तर गावाने काय सांभाळले पाहिजे, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

पंचवटीसारख्या क्षेत्रात, गोदावरीच्या काठी, मद्याची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. कोणी वाइन प्यावी असा या लेखाचा आग्रह मुळीच नाही. मद्याचे निर्धोक असे प्रमाण सांगता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे, आणि वाइन त्यास अपवाद नाही. परंतु जो धंदा आपल्या शेजारच्या शेतकऱ्याच्या जमिनीवर आणि आपल्याच नदीच्या पाण्यावर उभा आहे, त्याची माहिती न पिणाऱ्यासही असावयास हवी. किंबहुना न पिणारा नागरिक त्याकडे अधिक तटस्थपणे पाहू शकेल.

आसव आणि वाइन

वाइन म्हणजे काय हे समजण्यास फार दूर जावयास नको. द्राक्षासवाची बाटली पुष्कळ घरांतून परिचयाची आहे. काढा करून आंबविले म्हणजे अरिष्ट आणि न उकळता आंबविले म्हणजे आसव, हा आयुर्वेदाचा भेद. आसवात धायटीची फुले घालतात, ती किण्वाची क्रिया सुरू व्हावी म्हणून. वाइनमध्ये औषधी नसतात, पाणी नसते. केवळ द्राक्षाचा रस असतो. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव त्या रसातील साखर खातात आणि तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड असे दोन भाग करतात. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने वाइनवरील आपला ग्रंथ १८६६ साली प्रसिद्ध केला आणि वाइन नासते ती सूक्ष्म जीवांमुळे, हे दाखवून दिले. तोवर ही सारी कला अनुभवाच्या जोरावरच चालली होती.

हिशेब साधा आहे. एक लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखर संपली, म्हणजे मद्यार्क एक टक्का होतो. म्हणून वाइनच्या द्राक्षात गोडी २१ ते २४ टक्के यावी लागते. खाण्याचे द्राक्ष १६-१८ टक्क्यांस उतरले तरी जिभेस गोड लागते. दुसरा भेद देहाचा. खाण्याचे द्राक्ष टपोरे, पातळ सालीचे आणि बिनबियांचे हवे. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे व बियांचे असते, कारण रंग आणि तुरटपणा साल व बिया यांतून येतो. काळ्या द्राक्षाचा रसदेखील बहुधा पांढराच असतो. साल लगेच वेगळी केली तर पांढरी वाइन होते, आणि सालीसकट आंबविले तर तांबडी. साधारणतः सव्वा किलो द्राक्षांतून पाऊण लिटरची एक बाटली निघते. एकरी चार टन माल धरला तर एका एकरातून सुमारे तीन हजार बाटल्या होतात.

या देहभेदाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. वाइनचे द्राक्ष बाजारात कोणी विकत घेत नाही. ते लहान, बियांचे, तोंडात साल राहणारे. ज्याने ते लावले त्यास एकच गिऱ्हाईक: वाइनचा कारखानदार. पुढे जे अनर्थ झाले त्यांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

नावाची जुनी कल्पना

वाइन ही पाश्चात्त्यांची आणि तिला गावाचे नाव देण्याची रीतही त्यांचीच, असा आपला समज असतो. तो खरा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना मद्याचे प्रकार दिले आहेत. त्यांत द्राक्षरसाच्या मद्यास त्याने मधु म्हटले आहे, आणि त्याची ओळख ज्या देशात ते होते त्या देशावरून होते असे सांगून कापिशायन व हारहूरक ही दोन नावे दिली आहेत. इतर मद्यांचे वर्णन करताना त्यांत काय काय घालावे याची मापे आहेत. द्राक्षमद्याच्या बाबतीत मात्र देशाचे नाव सांगितले की ओळख पुरी झाली. कापिशी नगरी आजच्या अफगाणिस्तानात, काबूलच्या उत्तरेस होती. तिच्या नावावरून कापिशायन शब्द कसा होतो हे पाणिनीनेही सांगून ठेवले आहे.

यामागे व्यवहाराचे शहाणपण आहे. धान्यापासून केलेले मद्य कोठेही करता येते. द्राक्षमद्यात बाहेरचे काही पडत नसल्यामुळे जमीन, पाऊस, थंडी आणि मशागत यांचाच गुण त्यात उतरतो. येवल्याची पैठणी म्हटले की आपण जरीचा व विणकराच्या हाताचा भरवसा धरतो, तसाच हा प्रकार. १९९९ साली आपल्या संसदेने भौगोलिक मानांकनाचा कायदा केला आणि त्याखाली पैठणीप्रमाणेच नाशिकची द्राक्षे व 'नाशिक व्हॅली वाइन' यांचीही नोंद झाली. कौटिल्याने एका वाक्यात सांगितले ते आता कायद्याच्या कलमांत आले, एवढेच. परंतु नोंद झाली म्हणजे नाव झाले असे नाही. नोंद सरकार करते. नाव लोकांनी मिळवावयाचे असते.

नाशिकने काय दिले

नाशिकच्या वाइनला शेकडो वर्षांची परंपरा आहे असे कोणी म्हणू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. आपल्याकडे परंपरा आहे ती द्राक्षाच्या शेतीची, आणि तीही फार जुनी नाही. ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ साली द्राक्षबागेस हात घातला, तेथून या भागातील व्यापारी लागवड मोजतात. परंतु शंभर वर्षांत येथील शेतकऱ्याने जे साधले, ते कोणत्याही प्राचीन परंपरेच्या तोडीचे आहे.

ते समजण्यासाठी वेलीचा स्वभाव पाहावा. द्राक्षवेल मूळची थंड देशांची. तेथे शिशिरात तिची पाने गळतात, ती झोपी जाते, वसंतात जागी होते, आणि वर्षातून एकदा फळते. आपल्याकडे तिला झोपवील अशी थंडीच पडत नाही. मोकळी सोडली तर ती नुसती वाढत राहील. म्हणून येथील शेतकरी तिला वर्षातून दोनदा छाटतो. चैत्र-वैशाखातील खरड छाटणीने नवी काडी येते आणि उन्हाच्या त्या दिवसांत काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडाचा गर्भ तयार होतो. आश्विनाच्या सुमारास गोडी छाटणी केली की तोच डोळा फुटून घड बाहेर पडतो. तेथून सुमारे चार महिन्यांनी माल तयार होतो. निसर्ग जे काम बर्फाकडून करवितो, ते येथे कात्रीने केले. काडी कोठे धरावी, किती डोळे राखावे, ओलांडा कसा करावा हे ज्ञान निफाड, दिंडोरी व चांदवडच्या हातांत आहे. आपला वारसा म्हणावयाचा तो हा.

भूगोलानेही साथ दिली. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. सह्याद्री पश्चिमेस ढग अडवितो, म्हणून इगतपुरीस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडत असता निफाडच्या बाजूस त्याचा पाच-सहावा भागच पोहोचतो. निफाडची थंडी तर प्रसिद्धच आहे. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असला म्हणजे द्राक्षात साखर भरते आणि आंबटपणाही राहतो. वाइनला दोन्ही लागतात. खोल काळ्या जमिनीत वेल माजते आणि रस पाणचट होतो, म्हणून वाइनसाठी उताराची मुरमाड जमीन बरी.

या पायावर वाइनचा धंदा उभा राहिला. १९८० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन काढली, आणि आपल्या पिंपळगाव बसवंत येथेही तसा प्रयत्न झाला. १९९७ साली गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी सोव्हिन्यों ब्लां व शेनँ ब्लां या फ्रेंच जातींच्या वेली लावल्या आणि २००० साली त्यांच्या 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून उत्पादनशुल्कात सूट दिली व नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांची योजना केली. त्यानंतर कारखाने भराभर वाढले. निफाड तालुक्यात कुंदेवाडी येथे नेरो दाव्होला व ग्रिल्लो या इटलीच्या सिसिली बेटावरील जाती लावल्या गेल्या. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला इटालियन भागीदारांच्या साह्याने सांजोव्हेझे ही तोस्काना प्रांताची जात रुजली. वेल आणली की ती रुजते. तिच्याबरोबर त्या देशाचा अनुभवही आणता आला तर पुष्कळ चुका वाचतील. म्हणून थोडे इटलीकडे वळू.

इटलीचा दाखला

दक्षिण इटलीस प्राचीन ग्रीक लोक वेलींचा देश म्हणत. जुन्या काळी तेथे वेलीस खांब नसे. एल्म, पॉप्लर अशा झाडांवर ती चढवीत आणि तिला 'विवाहित वेल' म्हणत. नेपल्सजवळ आव्हेर्सा भागात अशा उंच वेली आजही आहेत. आपल्या कवींना वृक्ष आणि वेल यांचे नाते जसे सुचले, तसे तेथील शेतकऱ्यासही सुचले.

पण आपणांस शिकण्याजोगे आहे ते त्यांच्या अडचणींतून. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने १७१६ साली फर्मान काढून कियांती इत्यादी वाइनच्या प्रदेशांच्या सीमा आखून दिल्या; कारण नाव गाजताच भलत्याच गावची वाइन त्या नावाखाली खपू लागली होती. पुढे १९३२ साली कियांती या नावाची हद्द सरकारनेच फार वाढविली. तेव्हा मूळच्या टापूतील लोकांना आपले वेगळेपण राखण्यासाठी 'क्लासिको' असे उपपद लावून घ्यावे लागले. नाव ताणले की ते पातळ होते.

दुसरी गोष्ट बार्बारेस्को या लहान गावाची. पिएमोंत प्रांतातील या गावचे शेतकरी आपली द्राक्षे जवळच्या आल्बा गावी नेऊन व्यापारी देईल त्या भावाने विकत. दोमित्सिओ काव्हात्सा हे आल्बाच्या वाइनविद्यालयाचे प्रमुख. त्यांनी १८९४ साली नऊ बागाईतदारांना एकत्र आणून सहकारी वाइनघर काढले आणि त्या वाइनला प्रथमच स्वतःच्या गावाचे नाव दिले. मुसोलिनीच्या राजवटीत ते बंद पडले. १९५८ साली गावचे धर्मोपदेशक दोन फिओरिनो मारेंगो यांना दिसू लागले, की तरुण गाव सोडून कारखान्यांकडे निघाले आहेत. त्यांनी १९ लहान शेतकऱ्यांना एकत्र केले. पहिल्या तीन हंगामांची वाइन चर्चच्या तळघरात झाली. आज त्या संस्थेत पन्नासएक कुटुंबे आहेत आणि तिची वाइन जगभर मानाने घेतली जाते. तेथे द्राक्षाचा भाव गुणावर ठरतो, आणि माल पिकविणारा व वाइन करणारा एकच असल्यामुळे नफ्यातला वाटा शेतापर्यंत पोहोचतो.

त्याच पिएमोंत प्रांतात १९८६ साली भयंकर प्रकार घडला. काही व्यापाऱ्यांनी हलक्या वाइनची ताकद वाढविण्यासाठी तीत मिथेनॉल मिसळले. वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली, कित्येकांची दृष्टी गेली. पाप मूठभरांचे होते, पण परदेशांनी साऱ्या इटलीच्या वाइनकडे पाठ फिरविली. नाव सामाईक असते ते असे: कमाईत सर्वांचे आणि बदनामीतही सर्वांचे.

तिसरी गोष्ट यशाची आहे, पण तीही सावध करणारी. ईशान्य इटलीतील प्रोसेक्को ही फेसाळ वाइन जगात इतकी खपू लागली, की इतर देशांतही त्या नावाचे द्राक्ष लावून तीच वाइन म्हणून विकू लागले. तेव्हा २००९ साली द्राक्षाच्या जातीस 'ग्लेरा' हे जुने नाव देण्यात आले आणि प्रोसेक्को हे नाव प्रदेशासाठी राखून ठेवले. तेथील टेकड्यांचा २०१९ साली जागतिक वारशात समावेश झाला. परंतु मागणी वाढली तशा बागा घरांच्या भिंतींस भिडल्या, फवाऱ्याचे तुषार अंगणात व शाळांच्या आवारात पडू लागले, आणि गावकरीच आपल्या वाइनविरुद्ध उभे राहिले. अखेर ग्लायफोसेट या तणनाशकावर तेथील उत्पादक संघास बंदी घालावी लागली. परदेशी ग्राहक जिंकला आणि शेजारी गमावला, तर तो धंदा टिकाऊ कसा म्हणावा?

आपली परीक्षा

आता नाशिककडे परत येऊ. हे तीनही प्रसंग, थोड्या फरकाने, आपल्याकडे घडून गेले आहेत.

पहिला नावाचा. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधक रसायनाचे अंश सापडले आणि माल अडकून पडला. काडीची वाढ आवरण्यासाठी बागाईतदार ते सर्रास वापरीत, आणि आपल्याकडे तपासावयाच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतेच. नाव मात्र नाशिकचे गेले. त्यानंतर तपासणी कडक झाली. निर्यातीच्या बागांची नोंद 'ग्रेपनेट' या व्यवस्थेत त्याआधीपासूनच होत होती, आणि कोणती पेटी कोणत्या शेतातून आली ते तिच्यामुळे सांगता येते. बाटलीच्या बाबतीतही ग्राहकाने असा प्रश्न विचारावा आणि त्यास उत्तर मिळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दुसरा प्रसंग कराराचा, आणि तो अधिक दुःखद आहे. २००१ नंतर वाइनच्या द्राक्षांची लागवड फार झपाट्याने वाढली. २००८ साली जगात मंदी आली, त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला, आणि हॉटेले ओस पडली. कारखान्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. पुढच्या हंगामांत पुष्कळ कारखान्यांनी द्राक्षे उचलली नाहीत, काहींनी उचलली पण पैसे थकविले. नारायणगावची ती अग्रणी कंपनीदेखील कर्जाखाली बुडाली. शेतकऱ्यापुढे मार्ग कोणता? हे द्राक्ष बाजार घेत नाही, त्याचा बेदाणा करावा तर बिया. वेल लावल्यावर फळास दोन-तीन वर्षे लागतात आणि मांडवासाठी काढलेले कर्ज तर पहिल्या दिवसापासून व्याज खाते. कित्येकांनी त्या वेली उपटल्या, कित्येकांनी त्यांच्या खुंटावर खाण्याच्या जातीचे कलम केले. कारखानदाराची टाकी पुढच्या वर्षी पुन्हा भरते. उपटलेली बाग परत येण्यास तीन वर्षे जातात आणि गमावलेला विश्वास त्याहून उशिरा येतो.

टिकाऊ वाइन म्हणताच आपण सौरऊर्जेची तबके आणि सेंद्रिय खत यांचा विचार करतो. तो करावाच. परंतु टिकाऊपणाची पहिली कसोटी करारपत्रात आहे. किती माल घेणार, गोडी व आंबटपणाच्या कोणत्या मोजमापावर भाव देणार, पैसे किती दिवसांत, आणि मागणी पडली तर तोटा कोणी किती सोसावयाचा, हे त्यात मराठीत, शेतकऱ्यास समजेल असे लिहिलेले असले पाहिजे. बार्बारेस्कोच्या तळघरात हा प्रश्न सहकाराने सोडविला. ज्या महाराष्ट्राने सहकारी साखर कारखाने उभे केले, त्यास ही वाट अनोळखी नाही.

तिसरा प्रश्न पाण्याचा. वाइनचे द्राक्ष खाण्याच्या द्राक्षापेक्षा कमी पाण्यावर भागवते. किंबहुना मणी भरताना किंचित ताण दिला तर रस अधिक घट्ट होतो. ठिबकामुळे पाणी आणखी वाचते. परंतु कारखान्यात टाक्या, नळ्या व फरशा धुण्यास एक लिटर वाइनमागे कित्येक लिटर पाणी जाते, आणि ते आम्लयुक्त सांडपाणी शुद्ध न करता ओढ्यात सोडले तर ओढा नासतो. येथले ओढे अखेर गोदावरीस मिळतात. गोदावरीच्या पाण्यावर नाशिक शहराचा हक्क आहे, बागांचा आहे, आणि खाली जायकवाडीवर अवलंबून असलेल्या मराठवाड्याचाही आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यापासून हा वाद वेळोवेळी न्यायालयात गेला आहे.

यावर उपाय कसा काढता येतो त्याचे उदाहरण आपल्या उशाशीच आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचे पाणी कालव्याच्या शेपटाकडील ओझरच्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचत नसे. बापू उपाध्ये व भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या द्वारे त्यांना संघटित केले आणि १९९१ च्या सुमारास तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी शासनाकडून पाणी मोजून घेतले, मोजून वाटले आणि पट्टी वेळेवर भरली. नाल्यांवर बांध घालून विहिरींचे पाणी वाढविले आणि त्या पाण्याचाही सामाईक हिशेब ठेवला. पुढे साऱ्या प्रकल्पाचे व्यवस्थापन अशा संस्थांच्या हाती आले, आणि २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचनव्यवस्थापनाचा कायदा झाला त्यास या अनुभवाचा आधार होता. त्या शिवारात आज द्राक्षे आहेत ती या मोजलेल्या पाण्यावर. नाशिकच्या वाइनचा वारसा परदेशी पाहुण्यास दाखवावयाचा तर मद्यचषकांच्या दालनाइतकीच वाघाडची चारीही दाखवावी.

लहान गोष्टी, मोठा परिणाम

आणखी काही बाबी थोडक्यात सांगतो. इटलीत द्राक्षे शरदात उतरतात आणि मागोमाग हिवाळा येतो. तळघरे आपोआप थंड होतात. नाशिकचा हंगाम जानेवारी ते मार्च, म्हणजे उन्हाळ्याच्या उंबरठ्यावर. किण्वनाने रस तापतो, आणि पांढरी वाइन तर १२ ते १८ अंशांत आंबवावी लागते. त्यामुळे आपल्याकडे विजेचा मोठा खर्च थंडाव्यावर होतो. पहाटेच्या गारव्यात तोडणी करणे, टाक्यांना जाड आवरण घालणे, आणि भर उन्हाच्या दिवसांत सूर्याचीच वीज त्याच सूर्याची उष्णता हटविण्यास लावणे, हे येथले स्वाभाविक उपाय आहेत.

रस काढल्यावर उरलेला चोथा द्राक्षाच्या वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा असतो. त्याचे उत्तम खत होते, बियांचे तेल निघते. तो बागेत परतला पाहिजे. काचेच्या बाटलीचा विचार तर फारच थोडे करतात. वाइनमुळे हवेत जे दूषित वायू जातात त्यांत काच वितळविणे व जड बाटल्या वाहून नेणे यांचा वाटा फार मोठा आहे. जाड बुडाची भारी बाटली म्हणजे भारी वाइन, हा भ्रम ग्राहकाने सोडला तरी पुष्कळ साधेल.

आणि हवामान? २०२३ च्या नोव्हेंबरअखेर निफाडच्या बाजूस गारपीट झाली, हाताशी आलेले घड मातीत गेले. अवकाळी पाऊस आला की डाऊनी येते, डाऊनी आली की फवारे वाढतात, फवारे वाढले की खर्च आणि जमिनीवरचा भार दोन्ही वाढतात. या साखळीवर एकट्या शेतकऱ्याने मात करावी असे म्हणणे अन्यायाचे आहे. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने, बागाईतदारांच्या संघाने आणि कारखानदारांनी मिळून रोगास दाद न देणाऱ्या जाती, वेळेवर मिळणारा हवामानाचा अंदाज व विमा यांची सोय केली, तरच पुढची पिढी छाटणीची कात्री हाती धरील.

इटलीच्या किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे नावाची पाच गावे आहेत. समुद्रावर कललेल्या डोंगरांना दगडांचे बांध घालून तेथे शतकानुशतके वेली लावल्या गेल्या. १९९७ साली त्या दृश्यास जागतिक वारशाचा मान मिळाला. प्रवाशांची रीघ लागली. पण बांधावर राबणारे हात कमी होत गेले, बांध ढासळले, आणि २०११ च्या ऑक्टोबरात अतिवृष्टी झाली तेव्हा चिखलाचा लोंढा गावांत शिरला. डोंगर धरून ठेवला होता तो शेतकऱ्याने, हे तेव्हा पुन्हा एकदा सर्वांच्या ध्यानात आले.

नाशिकच्या नावाचेही तसेच आहे. ते नाव बाटलीवरील चिठ्ठीने किंवा सरकारी नोंदवहीने धरून ठेवलेले नाही. ते धरले आहे ओझरच्या चारीवर पाळी राखणाऱ्याने, दिंडोरीच्या मुरमात आश्विनातील एकेक डोळा मोजून काडी छाटणाऱ्याने, आणि पहाटे चारला घड तोडावयास येणाऱ्या मजूर स्त्रियांनी. त्यांना योग्य दाम, मोजलेले पाणी आणि निर्विष हवा मिळाली, तर कापिशीप्रमाणे नाशिकचेही नाव एखाद्या शास्त्रकारास लिहून ठेवावेसे वाटेल. वाइन प्यावी की न प्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु आपल्या गावाच्या नावाने जे विकले जाते त्यामागे न्याय आहे की नाही, हे विचारणे मात्र आपणां सर्वांचे काम आहे.